दक्षिणेचं दार, ईशान्येचा संडास आणि आपण

धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन जातो, पावसाची ओल भिंतींतून उतरते आणि आपल्या वस्त्यांमध्ये, कॉलन्यांमध्ये, फ्लॅटमध्ये घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. कुणाची मोरी फोडून बाथरूम होतं, कुणी कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवतो, कुणी पीओपीचं छत करून घेतो. चांगली गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांनी कुडाच्या झोपडीत दिवस काढले, त्यांच्या नातवंडांच्या बाथरूमला छतापर्यंत फरशी लागत असेल तर आम्हाला आनंदच आहे. आमचा आक्षेप आहे तो या कामाच्या पहिल्या दिवशी विचारल्या जाणाऱ्या पहिल्या प्रश्नावर. मिस्त्रीला बोलावण्याआधी, खर्चाचा अंदाज काढण्याआधी घरात कुणीतरी विचारतं, "वास्तूवाल्याला दाखवलं का?"

आणि हे विचारणारं घर बौद्ध असतं.

आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण देतो. नाव, गाव सांगण्याची गरज नाही, कारण अशी दहा घरं तुम्हालाही माहीत असतील. वडील नोकरीतून निवृत्त झालेले, इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉलमध्ये तथागत आणि बाबासाहेब. मोठ्या मुलाची नोकरी गेली होती, लग्न लांबत होतं. कुणीतरी सल्लागार आणला. त्याने होकायंत्र फिरवलं आणि निदान केलं की तुमचा संडास ईशान्येला आहे, म्हणून घरात अडचणी आहेत. झालं! चांगला चालता संडास फोडून फ्लॅटच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येला नेला. साडेतीन लाख गेले. हे पैसे धाकट्या मुलीच्या पुण्यातल्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले होते. ती मुलगी आज गावातल्याच कॉलेजात आहे. चार महिन्यांनी खालच्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणी ठिबकायला लागलं. सोसायटीची नोटीस आली. मुलाची नोकरी अजून लागलेली नाही.

ज्या घरात बावीस प्रतिज्ञांची फ्रेम लावलेली आहे, त्या घरात मुलीचं शिक्षण थांबवून संडासाची दिशा बदलली जाते. ही एका कुटुंबाची खाजगी बाब आहे असं म्हणून आम्ही गप्प बसू शकत नाही.

दिशा कुणी ठरवली?

बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांविषयीचं अप्रकाशित राहिलेलं लेखन आहे. त्यात हिंदू गावाचं चित्रण करताना बाबासाहेब त्या गावाची अलिखित संहिता नियमवार मांडतात. अस्पृश्यांनी स्पृश्यांच्या वस्तीपासून वेगळं राहावं, हा पहिला नियम. आणि दुसरा? अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेला असावी, कारण चार दिशांमध्ये दक्षिण सर्वांत अशुभ. हा नियम मोडणं गुन्हा. पुढे त्याच यादीत अस्पृश्याने घरावर कौलं घालणं हाही गुन्हा म्हणून येतो.

आता मित्रांनो, रविवारच्या पेपरातली फ्लॅटची जाहिरात काढून बघा. "पूर्वमुखी", "वास्तूनुसार", "दक्षिणमुखी नाही". आपला समाजबांधव ही जाहिरात वाचतो आणि म्हणतो, दक्षिणेचं दार नको बुवा. अरे, दक्षिण अशुभ का झाली? ती यमाची दिशा मानली आणि तिकडे आपल्याला ढकललं. दिशा आधी अशुभ होती म्हणून आपण तिथे गेलो, की आपण तिथे होतो म्हणून ती अशुभ राहिली, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आपल्यासाठी इतकं पुरे आहे की ज्या कल्पनेने आपल्या आजोबांचं घर गावाबाहेर नेलं, तीच कल्पना आज आपण सल्लागाराला फी देऊन घरात आणतो.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी गावाच्या रूढी सांगितल्या, शास्त्रात तसं नसेल. म्हणून शास्त्रही बघू. वराहमिहिराची बृहत्संहिता हा सहाव्या शतकातला ग्रंथ. वास्तूची दुकानं चालवणारे तिचं नाव मोठ्या अभिमानाने घेतात. तिच्यात वास्तुविद्येचा मोठा अध्याय आहे. त्यात घराची रुंदी वर्णानुसार दिलेली आहे. ब्राह्मणाच्या घराची ३२ हात, आणि पुढच्या प्रत्येक वर्णाला चार-चार हात कमी. जे अगदीच हीन समजले जातात त्यांना त्याहून कमी. जमिनीची निवडही तशीच. पांढरी माती ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. मातीचा वाससुद्धा वाटून दिलेला आहे, ब्राह्मणाच्या जमिनीला तुपाचा आणि शूद्राच्या जमिनीला दारूचा! हे ज्या ग्रंथाचं मोजमाप आहे, त्यातला वर्ण बाजूला काढून फक्त दिशा उरवायच्या आणि त्याला "प्राचीन भारतीय वास्तुविज्ञान" म्हणायचं, ही चलाखी आहे. सल्लागार ती का करतो हे कळतं. गिऱ्हाईक बौद्ध असलं की त्याला तुमचा प्लॉट दारूच्या वासाचा असावा असं सांगून चालणार नाही. पण आपण ती का चालवून घेतो?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं असं आहे, हे आपल्याला पाठ असतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली हेही पाठ असतं. आपण दरवर्षी तो दिवस पाळतो. आणि त्याच महिन्यात घरात होकायंत्र फिरतं.

"पण त्यात विज्ञान आहे ना!"

हा युक्तिवाद आपली शिकलेली मुलं जास्त करतात. सूर्य पूर्वेला उगवतो, वारा खेळता हवा, म्हणून पूर्वजांनी नियम केले, वगैरे. ऊन आणि वारा खरे आहेत, त्यांना नाकारायचं कारण नाही. पण मग ऊन-वाऱ्याचाच हिशेब करा. महाराष्ट्रात पावसाळी वारे नैऋत्येकडून येतात. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि विदर्भात उन्हाळ्यात ती रात्रीपर्यंत गरम राहते. कोकणातल्या घराला पश्चिमेकडून पावसाचा मारा बसतो, तिथे पत्रा किंवा लांब पागोळी लागते. प्रत्येक जागेचा हिशेब वेगळा. शेजारची इमारत दहा फुटांवर असेल तर तुमची पूर्व दिशा तिच्या सावलीत गेलेली असते. हे बघायला डोळे लागतात. एकच तक्ता चंद्रपूरच्या घराला, चिपळूणच्या घराला आणि कल्याणच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटला लावणारा माणूस विज्ञान सांगत नसतो.

आता संडासाच्या "नकारात्मक ऊर्जे"कडे वळू. वासाबद्दल लोक खोटं बोलत नाहीत. बऱ्याच घरांत बाथरूममधून कुबट वास येतो, डोकं दुखतं, उदास वाटतं. सल्लागार म्हणतो, दिशा. प्लंबरला विचारा, तो दुसरंच सांगेल.

कमोडच्या खाली आणि नहाणीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्याचा वाकडा भाग नेहमी पाण्याने भरलेला असावा लागतो. साधारण दोन इंच उंचीचं हे पाणी म्हणजेच गटारातला वायू आणि तुमचं घर यांच्यामधलं दार. पाहुण्यांसाठी ठेवलेलं दुसरं बाथरूम महिना-दोन महिने वापरलं नाही की हे पाणी वाळतं आणि वास थेट घरात येतो. उपाय काय? एक तांब्या पाणी ओतणं. दुसरं कारण असतं वरच्या हवेच्या पाईपचं, ज्याला व्हेंट म्हणतात. तो नसेल किंवा तुंबला असेल, तर वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं, गुडगुड आवाज येतो आणि पुन्हा वास. घरदुरुस्तीत "हा पाईप दिसायला वाईट दिसतो" म्हणून तो कापून टाकलेला आम्ही पाहिला आहे. तिसरं कारण म्हणजे खिडकी. बाथरूमची झडपांची खिडकी काढून तिथे काच बसवायची, वर एक्झॉस्ट पंखा लावायचा नाही, आणि मग भिंतीला बुरशी आली की शांती करायची!

खिडकी बंद करण्यात याहून मोठा धोका आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. ज्या बाथरूमच्या आत गॅसचा गिझर लावलेला आहे आणि हवा बाहेर जायला वाट नाही, तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेलं माणूस तिथेच बेशुद्ध पडतं आणि दाराला आतून कडी असते. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत असला पाहिजे. विजेचा असेल तर घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच हवा, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतो. त्याला दीड-दोन हजार लागतात. सल्लागाराच्या फीपेक्षा कमी.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितलं, ते आपण व्याख्यानांत सांगतो. परंपरेने आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून बघा. हे सूत्र स्टेजवर सांगायला सोपं आहे. ट्रॅपमध्ये बॅटरी मारून पाणी आहे का बघणं, हा त्या सूत्राचा घरातला वापर आहे.

संडास हलवणं म्हणजे काय

वर सांगितलेल्या घरात गळती का झाली, तेही समजून घ्या, कारण सल्लागार हे कधी सांगत नाही. फ्लॅटमध्ये संडास जिथे असतो तिथला स्लॅब बहुधा खाली खोल केलेला असतो. त्या खड्ड्यात पाईप बसतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि जलरोधक थर, त्यावर फरशी. शेजारीच शाफ्टमध्ये उभा पाईप. तुम्ही संडास दुसऱ्या खोलीत नेला की तिथे खोल स्लॅब नसतो. मग जमीन सहा-आठ इंच वर उचलावी लागते, मैल्याचा आडवा पाईप लांबवर ओढावा लागतो. त्याला पुरेसा ढाळ मिळाला नाही तर तो तुंबतो. उचललेल्या जमिनीत जो भराव टाकलाय, त्याचं वजन त्या स्लॅबच्या हिशेबात धरलेलं नसतं. आणि खाली दुसऱ्याचा संडास नसून स्वयंपाकघर असतं. राष्ट्रीय इमारत संहिता उगाच सांगत नाही की संडास-बाथरूम दुसऱ्याच्या राहत्या खोलीवर येत असेल तर जमीन पूर्ण जलरोधक हवी. आपल्या घरातला "दोष" काढून तो खालच्या कुटुंबाच्या ताटावर टाकायचा, यात कसली आली शांती?

जिथे आहे तिथेच बाथरूम नवं करा. फरशीवरचा पैसा कमी करून फरशीखालचा वाढवा. जुना थर पूर्ण खरवडून काढला का, जलरोधक लेप भिंतीवर किमान फूटभर चढवला का, आणि फरशी लावण्याआधी नहाणीचं तोंड बंद करून पाणी दोन दिवस भरून ठेवलं का? तिसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघा. चहाही मिळेल. ही एक परीक्षा बहुतेक ठेकेदार टाळतात, कारण त्यांना तीन दिवस मजूर बसवून ठेवायचे नसतात. फरशी लावून झाल्यावर प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट पसरलेला नाही, ती आज ना उद्या तडकणार. आणि बाथरूममध्ये गुळगुळीत, आरशासारखी चकाकणारी फरशी घेऊ नका. आपल्या घरात आई असते, आजी असते. दुकानदाराला खरखरीत फरशी मागा, कमोडशेजारी धरायला एक स्टीलचा दांडा लावा. हॉटेलसारखं दिसणाऱ्या बाथरूममध्ये खुब्याचं हाड मोडून पडलेल्या दोन आज्या आम्हाला माहीत आहेत.

सुंदर घर हा आपला हक्क आहे

इथे काही कार्यकर्ते आम्हाला टोकतील. चळवळ सोडून फरशीबद्दल काय लिहिता? समाज चंगळवादी झालाय, त्याला झोडा.

आम्ही झोडणार नाही. ज्यांना कौलं घालणं हा गुन्हा ठरवला होता, त्यांनी घर देखणं करणं हे बंडच आहे. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं केलं, त्याला मगधाच्या जुन्या राजधानीचं नाव दिलं. त्या घराच्या आखणीत पुस्तकांना जागा आधी होती. बाबासाहेबांना चांगलं घर, चांगले कपडे, चांगलं पेन आवडायचं आणि त्यांनी ते लपवलं नाही. जुलै २०२० मध्ये त्याच राजगृहावर हल्ला झाला तेव्हा कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या. दलिताच्या घराची शोभा अजूनही कुणाच्या तरी डोळ्यात खुपते, हे त्या फुटलेल्या कुंड्यांनी सांगितलं.

म्हणून खर्च करा. फक्त तो कशावर होतोय ते बघा. रमाई आवास योजनेतलं घर २६९ चौरस फुटांचं. त्यात पाच माणसं राहतात. तिथे पीओपीच्या छतावर चाळीस हजार जातात आणि दहावीतल्या पोराला टेबल मावत नाही, तर आम्ही बोलणार. खिडकीखाली भिंतीत मिटणारी फळी बसवून अभ्यासाचं टेबल करणारा सुतार आपल्याच वस्तीत असतो. त्याला विचारा.

आणि हो, एक चिडचिड नोंदवून ठेवतो. घरदुरुस्ती झाल्यावर जी पत्रिका येते, तिच्यावर "बौद्ध पद्धतीने वास्तुशांती" असं छापलेलं असतं. कसली शांती? कोणत्या वास्तुपुरुषाची? भंतेजींना बोलवा, परित्राण पाठ घ्या, खीर वाटा, पण त्याला गृहप्रवेश म्हणा. त्याहून वाईट म्हणजे वास्तुदोष घालवायला ईशान्य कोपऱ्यात बुद्धमूर्ती ठेवा असं सांगणारे, आणि त्यासाठी मूर्ती विकणारे! ज्याने आत्मा आणि दैव दोन्ही बाजूला ठेवले, त्यालाच दोषनिवारक यंत्र करून टाकलं. आणि आपले लोक ती मूर्ती विकत घेतात, कारण मूर्ती तर बुद्धाचीच आहे ना!

फरशी कोण लावतंय?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. घर तुमचं, पण ते गुडघ्यावर बसून लावणारा कोण? नाक्यावर सकाळी आठला उभा राहणारा बिगारी कोण? मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला आपलाच भाऊ, किंवा बिहार, राजस्थान, बंगालमधून आलेला दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ. कालपर्यंत आपले वडील हेच काम करत होते. आणि आज आपल्या घरी काम चालू असताना मजुराला संडासाला जायचं असतं तेव्हा आपण काय सांगतो? "खाली वॉचमनच्या इथे जा." ज्या संडासाला तो आठ दिवस फरशी लावतोय, तो वापरायला त्याला परवानगी नाही! चहाचे कप वेगळे, तेही कागदाचे, म्हणजे धुवायचा प्रश्न नाही. सोसायटीच्या लिफ्टने सिमेंटची गोणी जात नाही आणि मजूरही जात नाही. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. महाडचं पाणी २० मार्च १९२७ ला आपण प्यायलो. मग ही बंदी आपल्या घरात कुठून आली?

ती शेजाऱ्याकडून शिकून आली, हे आम्हाला कळतं. मोठ्या टॉवरमध्ये कामवाल्या बाईसाठी वेगळं टॉयलेट आणि वेगळी लिफ्ट हे आता नकाशातच असतं. आपल्यातल्या ज्यांना तिथे जाणं जमलं, ते तिथली रीतही उचलतात, कारण आपण कोण आहोत हे कुणाला कळू नये अशी भीती असते. ही भीती खरी आहे, घर भाड्याने देताना आडनाव विचारणारे आम्हीही पाहिले आहेत. पण त्या भीतीची किंमत मजुराने का चुकवायची?

धुळीचंही तेच. फरशी किंवा ग्रॅनाइट कटर मशीनने कोरडं कापलं की पांढरा धुरळा उठतो. आपण दार लावून घेतो, सोफ्यावर प्लास्टिक टाकतो. तो माणूस त्या धुरळ्यात, तोंडाला रुमाल बांधून. त्या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण रुमालातून आरपार जातात, फुप्फुसात बसतात आणि तिथे चट्टे पडत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. कित्येकदा टीबी समजून वर्षानुवर्षं औषधं दिली जातात. राजस्थानातल्या दगडखाणींत या रोगाने इतके मजूर गेले की तिथल्या सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. गुजरातेतलं मोरबी, जिथून देशातल्या बहुतेक फरश्या येतात, तिथल्या कारखान्यांतही हाच रोग आहे. आणि स्वयंपाकघरात आता जो क्वार्ट्जचा ओटा लावायची फॅशन आली आहे, त्या कृत्रिम दगडात ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. तो कापणारे तरुण कामगार मरायला लागले तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो "प्रीमियम" म्हणून विकला जातो. ज्याला मळकट डाग सहन होत नाही त्याने स्टीलचा ओटा करावा. पण क्वार्ट्ज घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उपाय अवघड नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवायची, मोकळ्या हवेत कापायचं, आणि रुमालाऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क. ठेकेदार म्हणेल, पाण्याने चिखल होतो, वेळ जातो. वेळ जाऊ द्या. दोन दिवसांची मजुरी जास्त जाईल. ठरवताना त्याला हे आधीच सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

यूट्यूबवरचे मिस्त्री

तरुण मित्रांपैकी काहीजण आता व्हिडिओ बघून स्वतःच फरशी लावतात. परदेशात घरमालक सुट्टीच्या दिवशी हेच करतात आणि तिथे तो छंद आहे, कारण तिथे थापी हातात धरल्याने कुणाची जात ठरत नाही. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला खाली आणि होकायंत्र फिरवणाऱ्याला वर बसवलेलं आहे, म्हणून आपल्या पोराने थापी धरली तर आम्हाला ते आवडतंच. फक्त भिंतीत ड्रिल मारण्याआधी नळाचा आणि विजेचा पाईप कुठून गेलाय हे शोधा. नळाच्या सरळ वर आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका. एका मित्राने टॉवेल-दांडा लावायला भोक पाडलं आणि पूर्ण इमारतीचं पाणी दीड दिवस बंद ठेवावं लागलं. आणि स्वतः एक भिंत फरशीने लावून बघितल्यावर मिस्त्रीची मजुरी जास्त वाटेनाशी होते, हाही फायदा.

एक काम मात्र स्वतः करू नका आणि कुणाकडून हातानेही करून घेऊ नका. गावाकडच्या घराची सेप्टिक टाकी. नवं बाथरूम करताना "टाकी एकदा साफ करून घेऊ" म्हणून कुणालातरी पाचशे रुपये आणि एक क्वार्टर देऊन आत उतरवलं जातं. तो कोणत्या जातीचा असतो, हे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाख भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. नगरपालिकेची किंवा खाजगी सक्शन गाडी मिळते. ती मिळेपर्यंत थांबा. टाकीचं झाकण उघडून वाकून बघणंसुद्धा धोक्याचं आहे.

विहारात काय करता येईल

आमच्या डोक्यात एक साधी योजना आहे. प्रत्येक वस्तीत दोन-तीन तरी गवंडी, प्लंबर, वायरमन असतात. रविवारच्या वंदनेनंतर एक तास त्यांना बोलू द्या. प्राध्यापकांना आपण खूप ऐकलं. ज्याच्या घरी काम निघणार आहे त्याने कागदावर नकाशा आणावा आणि सगळ्यांसमोर विचारावं की ढाळ कुठे द्यायचा, हवा कुठून येईल, किती माल लागेल. ठेकेदाराचा भाव तिथल्या तिथे तपासला जाईल.

त्याच बैठकीत दुसरं काम. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयाच्या कामगाराला करता येते. अट एवढीच की वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. नोंदणी झाली तर मुलांना शिष्यवृत्ती, आजारपणात मदत, मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम मिळते. अडतं ते दाखल्यावर. ठेकेदार सही करत नाही, ग्रामसेवक उद्या ये म्हणतो, आणि नाक्यावरच्या माणसाचा एक दिवस बुडाला की त्या दिवशीचं जेवण बुडतं. आपल्यातले जे ठेकेदार आहेत, आणि आता बरेच आहेत, त्यांनी आपल्या मजुरांची हजेरी वहीत ठेवावी आणि सही करावी. जे मालक आहेत त्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराला विचारावं की या माणसांची नोंदणी केलीस का. कार्यकर्त्यांनी आधार कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो आणि दाखला असे कागद गोळा करून अर्ज भरून द्यावेत. एका रविवारी वीस अर्ज सहज होतात. येत्या १४ एप्रिलच्या आधी आपापल्या वस्तीत किती झाले, ते आम्हाला कळवा.

जय भीम! नमो बुद्धाय!